माझा बाप ‘पारंपरिक’ नाही

माझ्या बापाचं नाव बदललंय. बाप मेल्यावर, आम्हाला कुणालाच न विचारता. मोबाइलवरच्या एका गाण्यांच्या ॲपात त्याचं गाणं सापडलं आणि गाण्याखाली गीतकाराच्या जागी लिहिलंय : पारंपरिक.

मग मी कोण? पारंपरिकचा पोरगा?

मी गोदीत आहे, कंत्राटावर. इंदिरा डॉकला लोखंडाच्या कॉइली उतरतात, त्यांना स्लिंगा अडकवणाऱ्या टोळीत. एकेक कॉइल अशी की खाली हात सापडला तर हाताचा पापड. तेव्हा कामावर कानात काही घालायचं नाही. वरून क्रेनवाला बोंबलला तर ऐकू आलं पाहिजे. माझं ऐकणं म्हंजे रात्रपाळी सुटल्यावर. डॉकयार्ड रोडला हार्बरची गाडी, खिडकी मिळाली तर डोकं टेकायचं, इयरफोन खोचायचे. कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा, किंग्ज सर्कल. तिथं उतरून पायी लेबर कॅम्प. एवढ्या वाटेत सात-आठ गाणी होतात. बाराशे रुपयांच्या इयरफोनवर आई अजून बोलते, पण मला दारू नाही, तंबाखू नाही, हे एकच व्यसन.

पहिल्यांदा त्या ॲपात शिरलो तेव्हा खुळाच झालो होतो. हे मोठे ॲपवाले सांगतात की आमच्याकडं दहा कोटींच्या वर गाणी आहेत. दहा कोटी! बापाच्या तरुणपणी एक कॅसेट घ्यायची तर आठवडाभराच्या चहाला कात्री लागायची. आणि इथं मी, एस.एस.सी. पास, घामट बनियनवर गाडीत बसून बोट फिरवतोय आणि जगातला कुठलाही गवई हजर. दारात कुणी विचारत नाही, कुठनं आलास, कुणाचा आहेस. आपल्या आज्या-पणज्याला शाळेच्या पायरीवर बसवणाऱ्या देशात ही लहान गोष्ट नाही, हे मी आधीच कबूल करतो. यंत्राशी माझं भांडण नाही. यंत्रावरच पोट आहे माझं.

पण दारात अडवत नाहीत म्हंजे आत सगळं सरळ आहे असं नाही. आत खण आहेत. पावसाळी गाणी एका खणात, प्रेमाची एका खणात, व्यायाम करताना ऐकायची एका खणात. मी ‘आंबेडकर’ असं टाइप केलं. भीमगीतांचा ढीग आला, आणि ढिगावर पाटी : भक्ती. वर आरत्या, खाली आरत्या, मधे आपण.

आता सांगा, भीमगीत ही भक्ती आहे काय? पाणवठ्यावर हात लावला म्हणून डोकी फुटली, त्याचं गाणं भक्ती? गावकीची कामं सोडा, मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे सांगणारं गाणं भक्ती? १९३० च्या दशकात जलसेकार पेटी आणि ढोलकी खांद्यावर मारून गावोगाव हिंडले ते काय प्रसाद वाटायला? आपल्या दहा भाषणांचं काम एक जलसा करतो, असं बाबासाहेब म्हणाल्याचं आपल्याकडं सांगतात. भाषणाचं काम करणारी गोष्ट ही भाषणाच्या खणात जायला पाहिजे. भक्तीच्या खणात टाकली की तिचे दात पडतात. ऐकणाऱ्याला हात जोडावेसे वाटतात, मुठी आवळाव्याशा वाटत नाहीत.

प्रल्हाद शिंद्यांचंच बघा. आषाढी आली की त्यांचा आवाज सगळ्यांना लागतो. हॉटेलात, रिक्षात, सोसायटीच्या मंडपात. विठ्ठल त्यांच्या गळ्यातून आला की कुणाला विटाळ होत नाही. त्याच गळ्यातली भीमगीतं मात्र आपल्याच वस्त्यांत वाजतात. ॲपाला हे कुणी शिकवलेलं नाही. लोक जे ऐकतात तेच ते पुढं सरकवतं. तुम्ही एकाच बाजूचं ऐकलंत तर तेच तुम्हाला परत वाढतं. म्हंजे गावकुसाची आखणी आता कुणी तलाठ्यानं करायची गरज नाही, आपोआप होते.

आमच्या लेबर कॅम्पात एके काळी अण्णाभाऊ साठे राहायचे. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. या कॅम्पातल्या मच्छरांवर अण्णाभाऊंनी पोवाडा केला होता हे जुनी माणसं अजून सांगतात, आणि मच्छरही अजून आहेत. त्या पोवाड्याला हे ॲप कुठल्या खणात टाकेल? निसर्गसंगीत?

असो. बापाकडं येतो.

माझा बाप गोदीतच होता, बदलीवर. दिवसा पोती, रात्री गायन पार्टी. पार्टीत तो गायचा नाही, त्याचा आवाज फाटका होता. तो लिहायचा. हजेरीच्या कागदाच्या मागं, सिगारेटच्या पाकिटावर, हातात येईल त्यावर. चौदा एप्रिल, सहा डिसेंबर, कुणाचं लग्न, कुणाचा पुण्यानुमोदन. पार्टीचे पेटीवाले काका चाल लावायचे. १९८९ साली एका कॅसेट कंपनीचा माणूस पार्टीला ऐकायला आला आणि एक कॅसेट निघाली. त्यात बापाची दोन गाणी. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ती आता नाही आणि असती तरी तिच्याशी भांडून मला काय मिळणार. बापाला तीनशे रुपये एकरकमी आणि दहा कॅसेटी. कागदावर सही घेतली. कागदात काय होतं ते बापानं वाचलं नाही. वाचता येत होतं त्याला, पण समोर तीनशे रुपये ठेवल्यावर कोण वाचतो?

आता मुद्दा ऐका. त्या गाण्याला चार कडवी होती. चौथ्यात बापाचं नाव होतं.

ही आपली जुनी रीत आहे, फार शहाणपणाची. तुकोबा शेवटी ‘तुका म्हणे’ म्हणतात. इथंच किंग्ज सर्कलला षण्मुखानंद हॉलमधे तामिळ लोक ज्या त्यागराजाच्या कृती ऐकायला इस्त्रीच्या वेष्ट्या नेसून येतात, त्या त्यागराजाचंही नाव त्याच्या कृतीत असतं. वामनदादा कर्डकांच्या कितीतरी गाण्यांत शेवटी ‘वामन’ येतो. मुंबईत अंगमेहनत करत, मोठेपणी अक्षरं गिरवून शिकलेला माणूस तो. त्याला बरोबर माहीत होतं की कागद आपला नाही, छापखाना आपला नाही, सातबारा तर नाहीच नाही. मग नाव ठेवायचं कुठं? गाण्याच्या पोटात. वहीवरचं नाव फाडता येतं, पण यमकात बसवलेलं नाव उपटायचं तर कडवंच उपटावं लागतं.

कंपनीनं कडवंच उपटलं. कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची, गाणी बसेनात, म्हणून आमच्या गाण्याचं चौथं कडवं गेलं. वाईट हेतूनं नाही गेलं, मिनिटं भरली म्हणून गेलं. कॅसेटच्या कागदावर गायकाचं नाव मोठं, बापाचं नाव खाली मुंगीएवढं. पण होतं. मग कधीतरी त्या कंपनीची गाणी दुसऱ्या कंपनीनं घेतली, दुसरीची तिसरीनं, आणि एके दिवशी कुणीतरी खोलीत बसून हजारो गाणी भराभरा संगणकात चढवली. कागद त्याच्यासमोर नव्हता, नुसता आवाज होता. गायक कोण ते आवाजावरून कळलं. लिहिणारा कोण? चौकट रिकामी ठेवता येत नसावी. ठोकून दिलं : पारंपरिक.

पहाटे वडाळ्याला गाडी उभी असताना हे मी वाचलं. गाणं वाजत होतं, तिसरं कडवं झालं, आवाज हळूहळू विझत गेला, आणि पुढचं गाणं लागलं. भलत्याच कुणाचं, लग्नाचं.

बाप शिव्या द्यायचा तशा सगळ्या दिल्या मी. गाडीतली माणसं बघायला लागली.

मग कायदा बघितला. आपल्यात वकिलीला असलेला एक मित्र आहे, त्याच्याकडनं समजून घेतला. तुम्हीही समजून घ्या, कामाला येईल. १९५७ चा कॉपीराइट कायदा. त्यातलं कलम ५२-अ सांगतं की ध्वनिमुद्रणावर काय काय छापायचं : मुद्रण कुणी केलं त्याचं नाव-पत्ता, हक्क कुणाचा त्याचं नाव-पत्ता, पहिल्यांदा कधी निघालं ते साल. लिहिणाऱ्याचं नाव छापा असं त्यात नाही. कायद्यानं मालकाला पत्त्यासकट बसवलंय आणि कवीला उभं ठेवलंय.

पण त्याच कायद्यात कलम ५७ आहे. ते म्हणतं, हक्क विकून टाकलेत तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणायचा अधिकार लेखकाकडंच राहतो. म्हंजे बापानं तीनशे रुपयांत सगळं विकलं असलं तरी नाव विकलेलं नव्हतं! पूर्वी यात एक गोम होती. लेखक मेला की त्याच्या वारसांना बाकीचे दावे करता यायचे, पण नावाचा दावा करता येत नव्हता. २०१२ साली कायदा बदलला तेव्हा ती अट काढून टाकली. आज मी मयताचा वारस म्हणून उभा राहू शकतो आणि म्हणू शकतो की हे माझ्या बापाचं आहे. त्याच २०१२ च्या बदलात गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा वाटा बांधून दिला, तो सही करूनसुद्धा सोडता येत नाही. आपल्या किती कवींना हे माहीत आहे? मलाही आत्ताच कळलं.

पैशाचं विचाराल तर पैसा नाहीच. स्पॉटिफायनं २०२४ पासून नियम केला की वर्षात निदान हजार वेळा वाजलं नाही त्या गाण्याला काहीच द्यायचं नाही. लेबर कॅम्पातल्या मयत गीतकाराचं गाणं हजार वेळा कोण लावणार? जिथं कोट्यवधी वेळा लागतं तिथलं तरी काय? तामिळनाडूचा आपला अरिवू. २०२१ साली ‘एन्जॉय एन्जामी’ आलं, चहाच्या मळ्यात राबलेल्या आपल्या आजीच्या आठवणीतून त्यानं ते लिहिलं, साऱ्या जगानं नाचून घेतलं. आणि त्याच वर्षी एका नामांकित संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका आली, अरिवू नाही. पा. रंजितनं जाहीर आवाज उठवल्यावर मग त्याचं वेगळं मुखपृष्ठ निघालं. ज्याचं गाणं डोक्यावर घेतलं त्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचं, ही सवय तुमच्या-माझ्या ओळखीची आहे.

त्या रात्रीनंतर काही दिवस ॲप उघडलंच नाही. रेडिओ ऐकायला लागलो. मोबाइलवरचाच. आकाशवाणी आता न्यूजऑनएअर नावाच्या ॲपवरून मिळते, अस्मिता वाहिनीही. इथं मला एक गोष्ट कबूल करावी लागते, नाइलाजानं. सरकारी रेडिओला आपण कमी शिव्या दिलेल्या नाहीत. १९४० साली त्यांनी पेटीवर बंदी घातली, पेटीत आपले सूर खरे लागत नाहीत म्हणून, आणि १९७१ मधे ती थोडी सैल केली. तीस वर्षं! आपल्या जलशाचं, कव्वालीचं, भजनाचं सगळं घर ज्या पेटीवर उभं, तीच बाहेर. पण हाच रेडिओ गाणं लावताना काय सांगतो? गीत अमक्याचं, संगीत तमक्याचं, गायक अमुक. हजारदा ऐकून कान किटलेत आपले. त्यामुळंच तर सिनेमातलं एक गाणंही न लिहिलेल्या तुम्हा-आम्हाला सिनेमाचे सगळे गीतकार पाठ आहेत. दोन सेकंदांचं काम. दहा कोटी गाण्यांच्या दुकानाला ते दोन सेकंद सापडत नाहीत.

आणि एक आहे, रेडिओ गार्डन. २०१६ साली हॉलंडमधे केलेलं. पडद्यावर पृथ्वीचा गोळा, त्यावर हिरवे ठिपके, एकेक ठिपका म्हंजे गाव. बोटानं गोळा फिरवायचा, ठिपक्यावर थांबायचं, त्या गावचा रेडिओ त्या क्षणाला जे वाजवतोय ते ऐकायचं. गोदीत ज्या बंदरांची नावं जहाजांच्या ढुंगणावर रंगवलेली बघतो, ती बंदरं मी आता ऐकायला लागलो. सांतोस, मोंबासा, दरबान. भाषा कळत नाही. पण पहाटेचा निवेदक कुठलाही असो, आवाजावरून रात्रपाळीचा माणूस ओळखू येतो.

दरबानला एकदा एक गाणं लागलं. चाल ओळखीची, पोरांच्या सिंहाच्या पिक्चरमधली. घरी येऊन शोधलं तेव्हा जे मिळालं ते वाचून झोप उडाली. सॉलोमन लिंडा, झुलू माणूस, जोहान्सबर्गच्या गॅलो रेकॉर्ड कंपनीत तबकड्या बांधायचं काम करायचा. मजूर. १९३९ साली त्यानं ‘म्बुबे’ नावाचं गाणं तिथंच गाऊन मुद्रित केलं आणि हक्क विकले दहा शिलिंगांना. गाणं पुढं अमेरिकेत गेलं. तिथल्या लोकांना वाटलं, आफ्रिकेतलं काहीतरी पारंपरिक असेल. लिंडाचं नाव गळालं, भलतीच नावं चढली. १९६१ साली त्याचं इंग्रजी रूप जगभर गाजलं, १९६२ साली लिंडा मेला, दरिद्री. १९९४ साली ‘द लायन किंग’मधे ते वाजलं. त्याच्या पोरींनी २००४ साली कोर्टात पाय ठेवला तेव्हा कुठं २००६ साली तडजोड झाली आणि बापाचं नाव गाण्यावर आलं.

दहा शिलिंग. तीनशे रुपये. तबकड्या बांधणारा मजूर, पोती उचलणारा मजूर. आणि दोघांचंही नाव एकच : पारंपरिक.

आता थोडं आपल्यावर, कारण नुसतं त्यांना झोडपून पान भरणं सोपं आहे. चौदा एप्रिलला आपण जी भिंत उभी करतो स्पीकरांची, छाती हादरते, त्यातल्या एका तरी गाण्याचा कवी तुम्ही सांगू शकता काय? मी माझ्या टोळीतल्या सात पोरांना विचारलं. गायक सगळ्यांना माहीत. ठेका कुणी मारला तेही माहीत. लिहिणारा एकालाही माहीत नाही. कडूबाई खरात एकतारी घेऊन गातात, त्यांची चित्रफीत आपण एकमेकांना हजारदा पाठवली. गाणं लिहिलं कुणी, हे खाली टाइप करायला आपलं बोट किती वेळा उचललं? भक्तीचा खण म्हणतो आपण, पण गाण्यातून रस्ता, शाळा, पाणी, पगार काढून टाकून नुसता जयजयकार आपणच भरत चाललोय. ॲपानं पाटी लावली ती साफ खोटी आहे असं मला छातीठोक म्हणता येत नाही, आणि हे मला फार टोचतं.

गेल्या रविवारी पेटीवाल्या काकांकडं गेलो. ऐंशीच्या पुढं गेलेत. डोळे अधू, बोटं वाकडी. ॲपातलं गाणं त्यांच्या कानाला लावलं.

“काका, ओळखलंत?”

“अरे, चाल माझी आहे.” तिसरं कडवं संपून आवाज विझला तसे खवळले. “हे काय? पुढं कापलं की!”

“ते कॅसेटलाच कापलं होतं. बापाची वही पावसात गेली, दोन हजार पाचच्या. चौथं कुणाला येतं?”

म्हातारा बघत राहिला माझ्याकडं. मग म्हणाला, “तुझ्या बापानं ते माझ्या मांडीवर कागद ठेवून लिहिलंय. दोनदा खोडलं. नाव त्याचं यमकात बसंना, म्हणून चाल मी अर्ध्या मात्रेनं वढली. आनि तू मला इचारतो येतं का?”

आणि गायला. आवाज नाही राहिला, पण मात्रा चुकली नाही. खालून धारावीकडं जाणारे टेम्पो हॉर्न मारत होते, शेजारी कुकरची शिट्टी झाली, सगळं मोबाइलमधे आलंय. बापाचं नाव आलं तिथं काका थांबले आणि पुन्हा एकदा गायले. संपादक म्हणतात कडवं या अंकात छापू. मी नको म्हटलं. आधी पेटीवर नीट मुद्रित होऊ द्या, मग छापा.

ॲपवाल्यांना अर्ज टाकलाय, कलम ५७ लिहून. कॅसेटच्या कागदाचा फोटो जोडलाय. आपली विनंती मिळाली, असं यंत्राचं उत्तर आलं. पुढं काही नाही. वकील मित्र म्हणतो नोटीस पाठवू. पाठवू.

तोवर बसून राहायचं नाही. आपल्या घराघरांत पोटमाळ्यावर, दिवाणाखाली कॅसेटी पडल्यात. गायन पार्ट्यांच्या, कव्वालीच्या मुकाबल्यांच्या, मोर्च्याच्या, कुणाच्या लग्नात भरलेल्या. त्यांना पांढरी बुरशी धरते, पट्टी चिकटते, दर पावसाळ्यात काही मरतात. पेटीवाल्या काकांकडं चालू प्लेअर आहे. माझ्याकडं जुना लॅपटॉप आणि जोडायची वायर. ऑडॅसिटी फुकट मिळतं. इंटरनेट अर्काइव्ह १९९६ पासून जगाची पुस्तकं, गाणी, कागद फुकट साठवतंय. हक्क आपले असतील ती गाणी तिथं ठेवू, बाकीची आपल्यापाशी. पण कॅसेट लावायच्या आधी तिच्या कागदाचा फोटो. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, ढोलकीवर कोण, साल कुठलं, वस्ती कुठली, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहायचं. नसेल माहीत तर ‘शोध चालू आहे’ असं लिहायचं. ‘पारंपरिक’ लिहिणाऱ्याला चहा मिळणार नाही. पुरेशी गाणी जमली की आपला रेडिओ, मोबाइलवरूनच. त्या गोळ्यावर माटुंग्याला एक हिरवा ठिपका. आणि प्रत्येक गाण्याआधी लिहिणाऱ्याचं नाव, दोन सेकंद.

माझी रात्रपाळी शनिवारी सुटते. रविवारी दुपारी काकांच्या खोलीत बसतो. पट्टी तुटली असेल तरी आणा, जोडता येते. वाकडी झालेली फिरवायला पेन्सिल आणा. हेड पुसायला स्पिरिट मी आणतो, कापूस तुम्ही आणा.